सुट्टीनंतरच्या सकाळी सरफेस ग्राइंडरवर चॅटर: व्हील बॅलन्स करूनही का जात नाही?

आमच्या टूलरूमला (साचे आणि डाय बनवायच्या कारखान्याला) भोसरीतल्या रिवाजाप्रमाणे गुरुवारची सुट्टी. बुधवारी संध्याकाळी शेवटची प्लेट आरशासारखी उतरायची. शुक्रवारी सकाळी तेच मशीन, तेच व्हील (प्लेट घासून सपाट करणारं फिरतं दगडी चाक), तोच ऑपरेटर, आणि पहिल्याच डाय प्लेटवर आडव्या लहरी, म्हणजेच चॅटर. नखाला लागायच्या नाहीत, पण ट्यूबलाइटखाली प्लेट तिरकी धरली की पन्हाळी पत्रा दिसायचा. दहाच्या चहापर्यंत लहरी फिकट व्हायच्या, जेवणाच्या सुट्टीनंतर गायब. पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर.

हेच दुखणं तुमच्याकडे असेल तर पुढचं वाचा. आमचं मशीन हायड्रॉलिक टेबलचं. व्हील ३०० × ४० × १२७ मिमी (व्यास, जाडी आणि मधलं भोक म्हणजे बोअर), ते फिरवणारा दांडा म्हणजे स्पिंडल पट्ट्यावर, वेग २००० आरपीएम (मिनिटाला फेरे). तुमचं मशीन लहान असेल तर आकडे बदलतील, हिशोब तोच राहील.

पहिल्या दोन शुक्रवारी आम्ही सगळे करतात तेच केलं, डायमंड मारला, म्हणजे हिऱ्याच्या टोकाने व्हीलची कड खरवडून ताजी आणि गोल केली. थोडा फरक पडल्यासारखं वाटलं, पण तो डायमंडमुळे होता की घड्याळामुळे, ते तेव्हा कळलं नाही. तिसऱ्या शुक्रवारी सकाळी मी हट्टाने व्हील उतरवलं, बॅलन्सिंग स्टँडवर ठेवलं आणि फ्लँजवरची (व्हील दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तबकड्यांवरची) वजनं सरकवत असं बॅलन्स केलं की कुठेही सोडा, जागचं हलेना. परत चढवलं. पहिली पंधरा मिनिटं काम सुंदर. मग जो चॅटर आला तो दुपारी गेला नाही, शनिवारी गेला नाही, बुधवारपर्यंत मुक्कामालाच राहिला. चार तासांचं दुखणं मी आठवडाभराचं करून ठेवलं.

मध्येच एका सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने व्हीलच्या गार्डवर हात ठेवला, मान हलवली आणि स्पिंडल बेअरिंगचं कोटेशन पाठवलं. बेअरिंग फक्त शुक्रवारीच का खराब होते, याचं उत्तर कोटेशनमध्ये नव्हतं.

आधी लहरी मोजा

व्हील उतरवण्याआधी पट्टी घ्या. आम्ही हे शेवटी केलं, खरं तर सगळ्यात आधी करायला हवं होतं.

एक सरळ प्लेट चकवर (जॉब धरणाऱ्या पाटावर) लावा. क्रॉस फीड (टेबलचं आडवं सरकणं) बंद ठेवा, नाहीतर लहरी एकमेकींवर चढून चटईसारखी वीण दिसते आणि काहीच मोजता येत नाही. प्लेटला मार्किंगची निळी शाई फासा, टेबलच्या एकाच स्ट्रोकला हलका कट घ्या आणि परत येताना व्हील वर उचला. आता प्लेट उजेडात तिरकी धरून दहा लहरींचं अंतर मोजा आणि दहाने भागा. टेबलचा वेग स्टॉपवॉचने काढा. आमचं टेबल ६०० मिमी अंतर ३ सेकंदांत कापत होतं, म्हणजे सेकंदाला २०० मिमी.

२००० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३३.३ फेरे. २०० ला ३३.३ ने भागलं की ६ मिमी. व्हीलचा, त्याच्या फ्लँजचा किंवा स्पिंडलवरच्या पुलीचा दोष असेल तर लहरी ६ मिमीवर पडणार. आमची मोटर १४४० ची, सेकंदाला २४ फेरे, तिचा दोष ८.३ मिमीवर दिसेल. हायड्रॉलिक पंपाची मोटरही १४४० चीच, म्हणून ८.३ आलं तर या दोघींपैकी कोण ते शोधावं लागेल. पट्ट्यातली गाठ त्याहून लांब लांब दिसते, आमच्याकडे हिशोबाने २० मिमीच्या पुढे.

पट्ट्यावर माझा खरा संशय होता. व्ही-बेल्ट दीड दिवस एकाच जागी ताणून उभा राहिला की पुलीवरच्या बाकाची त्याला सवय लागते आणि सुरुवातीची काही मिनिटं मशीन धडधडतं. शुक्रवारच्या गोष्टीत हे अगदी चपखल बसत होतं. पण दहा लहरींना ६१ मिमी आलं. पट्टा सुटला, मोटर सुटली, पंप सुटला. राहिलं व्हील आणि स्पिंडल.

त्या दोघांत निवाडा करायचा तर व्हील फ्लँजसकट उतरवा आणि नुसता स्पिंडल फिरवा. हेडवर पाण्याचा पेला ठेवा. स्पिंडलची किंवा पुलीची गडबड असेल तर पाण्यावर वलयं उठत राहतील. आमच्याकडे पाणी शांत होतं.

एक अपवाद सांगून ठेवतो. व्हील फार कडक असेल किंवा चकचकीत होऊन बोथट झालं असेल तरी चॅटर येतो. पण तो हळूहळू वाढत जातो, जॉबवर करपल्याचे डाग दिसतात, आणि अंतर फेऱ्यांच्या हिशोबात बसत नाही. त्यावर उपाय डायमंड किंवा एक घर मऊ ग्रेडचं व्हील. बॅलन्सिंगच्या नादी लागू नका.

चढवण्यातल्या चुका

व्हील उतरवलंच आहे तर बसवणीही तपासून घ्या. निम्मा बॅलन्स इथेच बिघडतो.

नवं व्हील आधी वाजवून बघा. ते कोरडं हवं, ओल्या व्हीलचा आवाज फसवतो. लहान व्हील बोटावर टांगा, मोठं असेल तर स्वच्छ टणक जमिनीवर उभं धरा. स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या मुठीने उभ्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, कडेपासून इंच-दोन इंच आत, हलकेच टिचकी मारा. मग व्हील ४५ अंश फिरवून पुन्हा. धडधाकट व्हिट्रिफाइड (दाणे धरणारा बाँड चिनी मातीसारखा भाजलेला) व्हील टण्ण वाजतं. भद्द आवाज आला तर ते बाजूला ठेवा, कितीही महाग असलं तरी. आमच्या एका हेल्परला व्हील चाकासारखं घरंगळत न्यायची सवय होती. ती मोडायला मला एक तडकलेलं व्हील दाखवावं लागलं.

बोअर फ्लँजवर हाताने, न अडखळता सरकला पाहिजे. ठोकून बसवायचा नाही आणि घट्ट आहे म्हणून कानस मारून मोठाही करायचा नाही. व्हील आणि फ्लँजमधला दोन्ही बाजूंचा पुठ्ठा अख्खा हवा. जुना फाटका पुठ्ठा, किंवा एका बाजूला चुकून दोन, असला प्रकार असेल तर फ्लँजचा दाब एका ठिकाणी पडतो. लहान मशीनवर, २०० मिमी व्हील आणि ३१.७५ बोअर असेल तर दोन्ही फ्लँज एकाच व्यासाच्या आणि व्हीलच्या तिसऱ्या हिश्श्याहून लहान नकोत, म्हणजे निदान ६७ मिमी. बाहेरच्या बाजूला नुसता वॉशर घालून नट आवळलेलं मी पाहिलंय. अशा मशीनसमोर मी उभा राहत नाही.

फ्लँजच्या आतला टेपर (निमुळता भाग) आणि स्पिंडलचा टेपर कापडाने नाही, तळहाताने पुसा. कापडाला न कळणारा कण हाताला कळतो. वाळलेल्या कूलंटचा (घासताना सोडतात त्या तेलपाण्याचा) एक खडा आणि फ्लँज तिरकी बसलीच. तिथे डायल (बारीक डगमग मोजणारं घड्याळ) लावली तर आम्ही ५ मायक्रॉनच्या आत मागतो.

फ्लँजचे स्क्रू समोरासमोर, थोडे थोडे, तीन फेऱ्यांत आवळा. एलन कीला पाइप लावू नका. पहिल्यांदा चालवल्यावर पुठ्ठा जरा दबतो, म्हणून एकदा पुन्हा आवळायचे आणि मगच बॅलन्सला हात घालायचा. व्हील समोरून घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर स्पिंडलचा नट डाव्या आट्याचा असतो. नवा मुलगा पहिल्यांदा उलटाच जोर लावतो, त्याला आधी सांगून ठेवा.

आणि एक खर्च करून टाका, प्रत्येक व्हीलला स्वतःची फ्लँज घ्या. व्हील एकदा फ्लँजवर चढलं की झिजून संपेपर्यंत त्यावरून काढायचं नाही. बोअरमध्ये बारीक फट असतेच, त्यामुळे प्रत्येक वेळी व्हील नव्या जागी बसतं आणि आधीचा बॅलन्स फुकट जातो. एकाच फ्लँजवर चार व्हील आळीपाळीने घालणारी टूलरूम महिन्याला जितके तास घालवते, त्यात दोन फ्लँज येतात.

स्टँडवर

स्टँड नीट नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. स्पिरिट लेव्हल दोन्ही दिशांनी लावा. सुरीसारख्या कडांवर खाच आहे का ते नख फिरवून बघा. चकत्यांवर फिरणारा स्टँड सोयीचा असतो, पण त्याच्या बेअरिंगमधलं घर्षण बारीक फरक लपवतं. स्टँड किती जागरूक आहे ते तपासायची आमची रीत अशी: बॅलन्स झालेल्या व्हीलच्या कडेला प्लॅस्टिसीनने एम-६ चा नट चिकटवायचा. त्याचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास. तो आडव्या रेषेत धरून सोडला की व्हील फिरायलाच हवं. नाही फिरलं तर तुमचा स्टँड अडीच ग्रॅमला आंधळा आहे.

आणि पंखा बंद करा. हसू नका. छताच्या पंख्याच्या वाऱ्याने ३०० मिमी व्हील कडांवर हळूहळू डोलतं आणि आपण वजनं सरकवत बसतो.

तीन वजनांची पद्धत थोडक्यात. सगळी वजनं काढा. व्हील आपोआप थांबू द्या, जड बाजू खाली येते. वरच्या टोकाला खडूची खूण करा. व्हील थोडं फिरवून पुन्हा सोडा, खूण तीन वेळा तिथेच आली पाहिजे. आता पहिलं वजन खुणेखाली घट्ट करा आणि ते परत हलवू नका. बाकीची दोन त्याच्यापासून दोन्ही बाजूंना १२० अंशांवर. तिन्ही वजनं सारखी असल्याने या स्थितीत ती एकमेकांना फेडतात, व्हील अजून आधीसारखंच जड-हलकं असतं. खूण आडव्या रेषेत आणून सोडा. खूण वर गेली तर ती बाजू अजून हलकी, दोन्ही वजनं पहिल्याच्या दिशेने सारखीच सरकवा. खाली गेली तर सारखीच लांब न्या. खूण डावीकडे, उजवीकडे, वर, खाली, चारही जागी व्हील स्थिर राहिलं की झालं. आडव्यात स्थिर आणि उभ्यात घसरतंय, असं असेल तर खडूची खूणच चुकली होती, पुन्हा सुरुवात करा. तिन्ही वजनं एका बाजूला गोळा होऊनही भागत नसेल तर व्हील फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून बसवा. तरीही नाही जमलं तर व्हील परत पाठवा.

मग व्हील मशीनवर चढवा, गार्ड लावा, बाजूला उभं राहून एक मिनिट पूर्ण वेगाने मोकळं फिरवा आणि डायमंड मारा. नव्या व्हीलला इथे थांबू नका. डायमंडने वरचा वेडावाकडा थर गेला म्हणजे वजनाची वाटणी बदलली. उतरवा आणि दुसऱ्यांदा बॅलन्स करा. हा दुसरा बॅलन्स खरा, पहिला नुसता डायमंड मारण्यापुरता. घाईत बहुतेक जण दुसरा गाळतात. व्हील ३०० वरून २५० वर आलं की मी आणखी एकदा करतो.

तरी शुक्रवारी का?

हे सगळं मी केलं होतं. अगदी पंख्यासकट. म्हणून तर डोकं बधिर झालं होतं.

चौथ्या शुक्रवारी पुन्हा व्हील उतरवून स्टँडजवळच्या लाकडी फळीवर ठेवलं. मिस्त्री काका दुसऱ्या कामाला आले होते, त्यांनी फळीकडे बोट केलं. "साहेब, हे काय?" फळीवर चंद्रकोरीसारखा ओला डाग. पूर्ण गोल नाही, एकाच बाजूला.

"रात्री पाऊस आला होता का आत?" मी विचारलं.

"पाऊस कशाला? बुधवारी पोरगं मशीन धुतंय की."

पोरगं म्हणजे आमचा हेल्पर. सुट्टीच्या आदल्या दिवशी मशीन साफ करणं हे त्याचं काम, आणि ते तो मन लावून करायचा. व्हील बंद, कूलंट पंप चालू, पाइप हातात घेऊन गार्डच्या आतला सगळा गाळ धुऊन काढायचा. दहा-बारा मिनिटं. मशीन स्वच्छ ठेवतो म्हणून मीच दोनदा त्याची पाठ थोपटली होती.

व्हिट्रिफाइड व्हील म्हणजे स्पंजच. दाणे आणि बाँडच्या मध्ये मोकळी जागा, आकारमानाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. थांबलेल्या व्हीलवर पाणी पडलं की ते शोषलं जातं आणि दीड दिवसात वजनाने खालच्या अर्ध्यात उतरतं. गार्ड बंद, वारा नाही, वर सोल्युबल तेलाचं पाणी, ते लवकर वाळत नाही. ५० ग्रॅम पाणी मध्यापासून १३० मिमीवर साठलं असं धरा. २००० आरपीएमला त्याची ओढ साधारण २८५ न्यूटन येते, म्हणजे २९ किलोच्या आसपास, आणि ती सेकंदाला ३३ वेळा चारी दिशांना फिरते. ६ मिमीची लहर तिथून येत होती.

बाकीचं मग उलगडत गेलं. व्हील फिरलं की पाणी बाहेर फेकलं जातं, उरलेलं चालू कूलंटमुळे सगळीकडे सारखं होतं, म्हणून दुपारी चॅटर आपोआप जायचा. सकाळी ओलं असताना डायमंड मारला तर तो त्या थरथरत्या व्हीलला गोल करायचा, पाणी गेल्यावर तोच गोल चुकीचा ठरायचा. आणि तिसऱ्या शुक्रवारची माझी मर्दुमकी? मी ओल्या व्हीलला बॅलन्स केलं होतं. वजनं पाण्याला तोलत होती. पंधरा मिनिटांत बरंचसं पाणी उडून गेलं, वजनं तिथेच राहिली.

खात्री करून घ्यायची म्हणून एका बुधवारी धुण्याआधी व्हील फ्लँजसकट उतरवून कोरड्या रॅकमध्ये ठेवलं. शुक्रवारी चढवलं, पहिली प्लेट स्वच्छ. पुढच्या बुधवारी मुद्दाम पूर्वीसारखं धुवायला लावलं. लहरी आल्या, ६ मिमी.

आता काय करतो

शिफ्ट संपताना आधी कूलंट बंद, मग व्हील दहा मिनिटं मोकळं फिरत ठेवायचं. गार्डच्या तोंडाशी हात नाही, पांढरा पुठ्ठा धरायचा. त्यावर शिंतोडे पडायचे थांबले की व्हील बंद. हे दर शिफ्टला, फक्त बुधवारी नाही. मशीन धुवायचं असेल तर ते व्हील उतरवून किंवा प्लॅस्टिकची पिशवी चढवून, आणि पिशवी काढल्याशिवाय स्विच दाबता येऊ नये म्हणून ती बांधायची दोरी स्विचवरून नेलेली. ही कल्पना हेल्परचीच.

सकाळी कूलंट उघडण्याआधी व्हील पाच मिनिटं कोरडं फिरवायचं, गार्ड बंद, माणूस बाजूला. एका बाजूने भिजलेलं व्हील पूर्ण वेगाने सुरू करणं हा फिनिशपुरता प्रश्न नाही, बेअरिंगला आणि माणसालाही तो धोका आहे. म्हणून ते फिरत असताना समोर कोणी उभं राहत नाही.

ज्यांचा कूलंटचा नळ गळतो आणि टाकी वर टांगलेली आहे, त्यांना मशीन न धुताही हेच दुखणं होईल. नोझल व्हीलपासून बाजूला वळवून ठेवा आणि नळ बदला. पावसाळ्यात व्हील भिंतीला टेकवून जमिनीवर उभी ठेवू नका, खालची कड ओल पिते. रॅक जमिनीपासून उंच, कोरड्या कोपऱ्यात.

आणि बॅलन्स करायचं असेल तर व्हील मशीनवरून उतरवण्याआधी कोरडं फिरवून पाणी काढा. शक्य असेल तर रात्रभर कोरड्या जागी आडवं ठेवा, उभं नाही. आम्ही आता बॅलन्सिंग मंगळवारी करतो.

सगळं करूनही लहर ६ मिमीचीच येत राहिली आणि नुसता स्पिंडल फिरवताना पेल्यातलं पाणी थरथरत असेल, तर स्पिंडलची पुली आणि बेअरिंग बघा. तेव्हा मात्र सर्व्हिसवाल्याला बोलावणं बरोबर. त्याला मोजलेलं अंतर आणि टेबलचा वेग आधी सांगा. तो हिशोब न करताच कोटेशन काढायला लागला तर दुसरा शोधा.